उतरवणारा ११ केव्ही ट्रान्सफॉर्मर चढवण्यासाठी वापरता येईल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका ठिकाणी ५०० केव्हीएचा, ४१५ व्होल्टचा डिझेल जनरेटर आहे. तिथून दोन किलोमीटरवर पंपघर आहे. हाताशी ५०० केव्हीएचे, ११०००/४३३ व्होल्टचे, डीवायएन-११ जोडणीचे (११ केव्ही बाजूला डेल्टा, ४३३ बाजूला न्यूट्रलसकट स्टार) दोन वितरण ट्रान्सफॉर्मर पडून आहेत. त्यांतल्या एकाच्या एलटी (कमी व्होल्टेजच्या) बाजूला जनरेटरचे ४१५ व्होल्ट देऊन एचटीला (जास्त व्होल्टेजच्या बाजूला) ११ केव्ही मिळवायचे, ते पंपघरापर्यंत न्यायचे आणि दुसऱ्याने तिथे पुन्हा उतरवायचे. विचारणाऱ्याला एकाने सांगितले की उलटा जोडला की ट्रान्सफॉर्मर जळतो. दुसऱ्याने सांगितले की काही फरक पडत नाही, बिनधास्त जोडा.

दोघेही चुकले आहेत, आणि दुसऱ्याचा सल्ला जास्त घातक आहे. ट्रान्सफॉर्मर उलटा चालतोच. कोणते वाइंडिंग प्रायमरी हे कोरला (लोखंडी गाभ्याला) ठाऊक नसते, सप्लाय जिकडून येईल ती प्रायमरी. केव्हीए तेवढेच राहतात, लॉसेस तेवढेच, तापमानही तेवढेच. खरा प्रश्न वेगळा आहे. नेहमीच्या वापरात ११ केव्ही बाजूचे अर्थिंग, फॉल्ट करंट, रिले (फॉल्ट ओळखून ब्रेकर उघडायला लावणारे) हे सगळे वीज कंपनीच्या सबस्टेशनने सांभाळलेले असते. तुम्ही उलटे जोडता तेव्हा त्या ११ केव्हीचे सबस्टेशन तुम्ही होता, आणि ट्रान्सफॉर्मरच्या एचटी बुशिंगवर यातले काहीही आपोआप मिळत नाही.

सुरुवात गरज तपासण्यापासून करा, कारण उत्तर लोडवर अवलंबून आहे. पंपघराचा लोड ३० किलोवॅटच्या आसपास असेल तर २४० चौरस मिलिमीटर ॲल्युमिनियमची एक केबल टाकून ४१५ व्होल्टवरच भागते. दोन किलोमीटरमध्ये सहा-सात टक्के व्होल्टेज पडेल, इतकेच. लोड २०० किलोवॅट असेल तर ०.८ पॉवर फॅक्टरला ३४८ अँपियर होतात आणि त्याच केबलमध्ये फेजमागे शंभरेक व्होल्ट निघून जातात. तेच २०० किलोवॅट ११ केव्हीवर १३ अँपियरमध्ये जातात. तेव्हा मोठ्या लोडला ११ केव्हीचा विचार योग्यच आहे. फक्त त्याआधी जनरेटरच पंपघराशेजारी हलवता येतो का, हे प्रामाणिकपणे तपासा. येत असेल तर खाली लिहिलेले बहुतेक सगळे टळते. पुढचे मी हे धरून लिहितो की तो हलवता येत नाही.

आधी व्होल्टेज. इथेच बहुतेकांची पहिली फसगत होते. नेमप्लेटवर ४३३ व्होल्ट लिहिलेले असतात ते नो-लोडचे. लोड आल्यावर चार-साडेचार टक्के पडून ४१५ उरावेत म्हणून ते मुद्दाम वर ठेवलेले असतात. उलट जोडणीत तुम्ही ४३३ ऐवजी ४१५ देता, म्हणून एचटीला ११००० मिळत नाहीत. ११००० गुणिले ४१५ भागिले ४३३, म्हणजे १०,५४३ व्होल्ट, आणि तेही नो-लोडला. इम्पिडन्स ४.५ टक्के धरला तर पूर्ण लोडला, ०.८ पॉवर फॅक्टरवर, ट्रान्सफॉर्मरमध्ये सुमारे ३.५ टक्के पडतात. उरतात १०,१७४. पंपघराचा ट्रान्सफॉर्मर नॉर्मल टॅपवर (टॅप म्हणजे वेढ्यांची संख्या थोडी बदलायची सोय) असेल तर तो त्याचे ४००च्या आसपास करतो, त्यातले पुन्हा ३.५ टक्के पडतात आणि मोटरच्या टर्मिनलला येतात ३८६. लाइनमध्ये पडणारे अर्धा-पाऊण टक्का वेगळेच. ३८६ व्होल्टवर मोटर चालते, पण जास्त करंट घेऊन, गरम होत.

यावर लोक जनरेटरचा एव्हीआर (व्होल्टेज ठरवणारा रेग्युलेटर) पिळतात. थोडेसे पिळणे चालते, पण त्याआधी टॅप वापरा. टॅप एचटी वाइंडिंगवर असतात, आणि उलट जोडणीत त्यांचा अर्थ बदलतो. नेहमीच्या वापरात एचटीचे वेढे वाढवले की एलटी व्होल्टेज कमी होते. इथे एचटीचे वेढे वाढवले की एचटी व्होल्टेज वाढते. म्हणून जनरेटरकडच्या ट्रान्सफॉर्मरला अधिक ५ टक्क्यांचा, म्हणजे ११५५० व्होल्टचा टॅप लावा. ४१५ दिल्यावर एचटीला ११,०७० मिळतात, पूर्ण लोडला १०,६८३. पंपघराचा ट्रान्सफॉर्मर नॉर्मल टॅपवरच ठेवला तर तिथे नो-लोडला ४३६ आणि पूर्ण लोडला ४०६ व्होल्ट येतात. तो उणे २.५ टक्क्यांच्या टॅपवर नेला तर पूर्ण लोडला बरोबर ४१६ येतात, हे कागदावर छान दिसते. पण मग पंप बंद असताना ४४७ व्होल्ट होतात, म्हणजे फेजला २५८, आणि पंपघरातले दिवे, कंट्रोल कॉइल, इलेक्ट्रॉनिक मीटर यांना ते सोसत नाही. मी नॉर्मल टॅपच निवडेन आणि जनरेटर ४१५ ऐवजी ४२० वर ठेवेन. दोन ट्रान्सफॉर्मर ओळीने आले की नो-लोड ते फुल-लोड सातेक टक्क्यांचा झोका राहतोच, तो कोणत्याही टॅपने जात नाही.

टॅपची एक गोष्ट तुमच्या फायद्याची आहे. सप्लाय एलटीला दिल्यामुळे कोरमधला फ्लक्स एलटीच्या व्होल्टेजवर ठरतो, आणि एलटीचे वेढे कायम असतात. त्यामुळे एचटीचा टॅप कुठेही नेला तरी कोरवरचा ताण बदलत नाही. ताण बदलतो तो एव्हीआर पिळल्याने आणि इंजिनाचा वेग पडल्याने, कारण फ्लक्स व्होल्ट भागिले हर्ट्झच्या प्रमाणात असतो. ४३३ व्होल्ट, ५० हर्ट्झला १०० टक्के धरा. ४१५ला तो ९६ टक्के आहे, म्हणजे तुमच्याकडे जागा आहे. पण कुणी पंपघराचे व्होल्टेज सुधारायला जनरेटर ४५५ वर नेला आणि लोडखाली वेग ४८ हर्ट्झला आला, तर फ्लक्स १०९ टक्क्यांवर जातो. कोर गुरगुरू लागतो, नो-लोड करंट एक-दोन टक्क्यांवरून झपाट्याने चढतो आणि त्यात हार्मोनिक्स येतात. ‘उलटा जोडला की जळतो’ ही समजूत बहुधा अशाच प्रकारांतून आली आहे. एव्हीआरमध्ये वेग पडल्यावर व्होल्टेजही उतरवण्याची सोय असते, ती चालू आहे ना आणि ४७-४८ हर्ट्झला काम सुरू करते ना, हे तपासून घ्या.

या समजुतीचे दुसरे मूळ लहान ट्रान्सफॉर्मरमध्ये आहे. २३०/२४ व्होल्टच्या ५० व्हीएच्या कंट्रोल ट्रान्सफॉर्मरला सेकंडरीचे वेढे बरेच जास्त दिलेले असतात, नो-लोडला तो २७ व्होल्टही दाखवू शकतो. त्याला उलट बाजूने २४ दिले तर २३० नाही, २०४च्या जवळपास मिळतात. लोडवर २३० मिळवायला २७च्याही वर चढवले की कोर तापतो. मायक्रोवेव्ह ओव्हनच्या ट्रान्सफॉर्मरला तर अजिबात हात लावू नका. त्याच्या हाय व्होल्टेज वाइंडिंगचे एक टोक थेट कोरला जोडलेले असते आणि कोर मुळातच सॅच्युरेशनच्या (आणखी फ्लक्स न मावण्याच्या) काठावर चालवलेला असतो.

आता चार्जिंग, म्हणजे ट्रान्सफॉर्मरला सप्लाय देऊन जिवंत करणे. वितरण ट्रान्सफॉर्मरमध्ये एलटी वाइंडिंग आत, कोरला लागून असते आणि एचटी त्याच्या बाहेर. कोर सॅच्युरेट झाला की वाइंडिंगकडे उरते ती फक्त हवेतली इंडक्टन्स, आणि आतल्या लहान व्यासाच्या वाइंडिंगची ती कमी असते. म्हणून एचटीकडून चार्ज करताना जो इनरश (पहिल्या क्षणांतला मोठा करंट) रेटेड करंटच्या ८ ते १२ पट येतो, तो एलटीकडून चार्ज करताना त्याहून जास्त येतो. एलटीचा रेटेड करंट ६६७ अँपियर. त्याच्या दहापट शिखर ५०० केव्हीएचा जनरेटर देऊच शकत नाही. व्होल्टेज कोसळते, एव्हीआर जोर लावतो, ब्रेकर इन्स्टंटेनियसवर ट्रिप होतो. दुसरा ट्रान्सफॉर्मरही लाइनला जोडलेला असेल तर दोघांचा इनरश एकमेकांत मिसळून जास्त वेळ टिकतो.

ब्रेकरची सेटिंग वाढवत बसण्यापेक्षा सोपा उपाय म्हणजे व्होल्टेज शून्यापासून चढवणे. इंजिन उभे असताना एलटी ब्रेकर क्लोज करायचा (जोडायचा), म्हणजे ट्रान्सफॉर्मर, लाइन आणि पंपघराचा ट्रान्सफॉर्मर आधीच जोडलेले असतात. मग इंजिन सुरू करायचे. वेगाबरोबर व्होल्टेज हळूहळू चढते, फ्लक्स त्याच्या मागोमाग येतो आणि इनरश जवळपास उरतच नाही. बऱ्याच कंट्रोलरमध्ये एक्सायटेशनआधी (जनरेटरच्या फील्डला करंट देण्याआधी) ब्रेकर क्लोज करण्याची सोय असते, ती मागून घ्या. जनरेटरवर त्याच्या जागेचाही लोड असेल आणि तो आधीपासून चालू ठेवावा लागत असेल, तर ही पद्धत चालत नाही. तेव्हा रेझिस्टरमधून चार्ज करून सेकंदाभराने तो बायपास करावा लागतो.

एलटी न्यूट्रलबद्दल मी ठाम आहे: या जोडणीत चढवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचा एलटी न्यूट्रल कशालाही जोडू नका. जनरेटरच्या न्यूट्रलला नाही आणि अर्थलाही नाही. नेहमीच्या वापरात तो अर्थ करायचीच सवय असल्याने हात आपोआप तिकडे जातो, म्हणून कारण सांगतो. एलटीचा स्टार न्यूट्रलसकट जनरेटरला जोडला आणि पलीकडे बंद डेल्टा असली की तो ट्रान्सफॉर्मर अर्थिंग ट्रान्सफॉर्मरसारखा वागू लागतो. जनरेटरवरचा सिंगल-फेज लोड असमतोल असेल तर त्याचा तोल साधायला तो न्यूट्रलमधून करंट ओढतो आणि डेल्टामध्ये फिरवतो. जनरेटरचा तिसरा हार्मोनिकही त्याच वाटेने जातो. शिवाय एलटीकडचा एक फेज तुटला तर डेल्टा तो फेज मागून पुन्हा उभा करते. मोजणाऱ्याला तिन्ही फेज दिसतात आणि वाइंडिंग शांतपणे तापत राहते. न्यूट्रल मोकळा सोडला की यातले काहीच होत नाही. जनरेटरचा स्वतःचा न्यूट्रल जनरेटरपाशी नेहमीप्रमाणे अर्थ राहील. ट्रान्सफॉर्मरची टाकीही दोन ठिकाणी अर्थ राहील. एक जागा मात्र डोळ्यांनी पाहा: काही ट्रान्सफॉर्मरमध्ये न्यूट्रल बुशिंगपासून टाकीला तांब्याची किंवा जीआयची पट्टी मारलेली असते. ती काढा आणि बुशिंगवर झाकण घाला.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, एचटीची डेल्टा. डेल्टाला न्यूट्रल नाही, म्हणून तुमच्या ११ केव्हीला जमिनीचा कसलाच संदर्भ नाही. सगळे ठीक असताना केबलच्या कपॅसिटन्समुळे प्रत्येक फेज जमिनीपासून ६३५० व्होल्टवर तरंगत राहतो आणि काही वावगे वाटत नाही. समजा, एक फेज जमिनीला लागला. करंटला परतायची वाट फक्त उरलेल्या दोन फेजच्या कपॅसिटन्समधून आहे. दोन किलोमीटर थ्री-कोअर केबलला, किलोमीटरमागे ०.३ मायक्रोफॅरड धरून, हा करंट साडेतीन अँपियर येतो. ओव्हरहेड लाइन असेल तर एक दशांश अँपियरसुद्धा नाही. तुमचा फुल-लोड करंट २६ अँपियर आहे, म्हणून ओव्हरकरंट रिले किंवा फ्यूज यांना या फॉल्टचा पत्ताही लागत नाही. तार शेतात पडलेली असेल, जिवंत असेल, पंप चालू असेल आणि मोटरचे तिन्ही व्होल्टेज बरोबर दिसत असतील. पुढे कुणी त्या तारेजवळ जाईल.

दुसरा परिणाम इन्सुलेशनवर. एक फेज जमिनीवर आला की बाकीचे दोन जमिनीच्या मानाने ६३५० वरून ११,००० वर जातात, आणि फॉल्ट पेटता-विझता असेल तर त्याच्या कितीतरी वर. अर्थ केलेल्या ११ केव्हीवर चालणारे ९ केव्ही रेटिंगचे लाइटनिंग अरेस्टर सतत ७.६५ केव्हीच सोसतात. ते इथे फुटतात. ६.३५/११ ग्रेडची केबलसुद्धा फॉल्ट मिनिटभरात तुटेल या हिशेबावर घ्यायची असते. तसा भरवसा नसेल तर ११/११ ग्रेड लागते.

उपाय दोन आहेत. पहिला, मी जो करायला सांगेन तो: चढवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या एचटी टर्मिनलवर झिगझॅग अर्थिंग ट्रान्सफॉर्मर (डेल्टाला नसलेला न्यूट्रल पुरवणारा) आणि त्याच्या न्यूट्रलमध्ये रेझिस्टर. करंट किती ठेवायचा हे ठरवताना मोठ्या सबस्टेशनचे आकडे उचलू नका. न्यूट्रलमधून ५० अँपियर वाहू दिले तर ६३५० व्होल्टवर रेझिस्टरमध्ये ३१७ किलोवॅट जळतात, म्हणजे फॉल्टच्या क्षणी जनरेटरवर अचानक एवढा लोड. २५ अँपियर ठेवले तर रेझिस्टर २५४ ओहमचा येतो आणि लोड १५९ किलोवॅट. हा जनरेटर झेलतो. केबलच्या साडेतीन अँपियर कपॅसिटिव्ह करंटपेक्षा तो बराच जास्त असल्याने पेटत्या-विझत्या फॉल्टचे जादा व्होल्टेजही आटोक्यात येते. रेझिस्टर आणि झिगझॅग दोन्ही १० सेकंदांच्या रेटिंगचे घ्या. निघणाऱ्या केबलवर कोअर बॅलन्स सीटी (तिन्ही फेजभोवतीचा करंट ट्रान्सफॉर्मर, जमिनीकडे गेलेला करंट दाखवणारा) बसवा, त्याचा अर्थ फॉल्ट रिले ५ अँपियरवर आणि अर्ध्या सेकंदावर ठेवा. झिगझॅगच्या न्यूट्रलमध्ये दुसरा सीटी आणि रिले बॅकअप म्हणून, सेकंदाच्या उशिराने. झिगझॅगला वेगळा आयसोलेटर देऊ नका, कारण तो उघडा राहिला की तुम्ही पुन्हा अर्थविना चालता आणि कुणाला कळत नाही. द्यावाच लागला तर ब्रेकरशी इंटरलॉक करा.

दुसरा उपाय स्वस्त आहे: सिस्टिम अर्थविना ठेवायची, पण ओपन डेल्टा सेकंडरीचा पीटी (व्होल्टेज मोजायचा छोटा ट्रान्सफॉर्मर) बसवून न्यूट्रल डिस्प्लेसमेंट रिलेने फॉल्ट ओळखायचा आणि लगेच ट्रिप करायचे, नुसता अलार्म नाही. पूर्ण लाइन केबलची असेल आणि मधे कुठेच फाटा काढलेला नसेल तर मी हे मान्य करेन. यासाठी साधा थ्री-लिंब पीटी चालत नाही. तीन सिंगल-फेज किंवा फाइव्ह-लिंब हवा, प्रायमरीचा न्यूट्रल अर्थ केलेला, आणि ओपन डेल्टावर डॅम्पिंग रेझिस्टर. नाहीतर पीटीच फेरोरेझोनन्समध्ये (केबलची कपॅसिटन्स आणि कोर यांच्या अनुनादाने व्होल्टेज भडकण्यात) जाऊन फुटतो.

ओव्हरहेड लाइनबद्दल एक गोष्ट लपवता येत नाही. कोरड्या मुरमावर किंवा डांबरावर पडलेल्या तारेचा फॉल्ट करंट ५ अँपियरच्याही खाली राहू शकतो आणि तेव्हा वरचा कोणताही रिले खात्रीने बोलणार नाही. म्हणून दोन किलोमीटरसाठी मी स्क्रीन असलेली केबल पसंत करतो. लोडच्या दृष्टीने ३५ चौरस मिलिमीटर ॲल्युमिनियमसुद्धा भरपूर आहे. केबलचा चार्जिंग लोड सुमारे २३ केव्हीएआर येतो आणि दोन ट्रान्सफॉर्मरचा मॅग्नेटायझिंग करंट त्यातला बराचसा खातो, त्यामुळे जनरेटरला त्रास नाही. हीच केबल १० किलोमीटरची असती तर ११५ केव्हीएआर लीडिंग झाले असते, आणि नो-लोडला एव्हीआरच्या हातून व्होल्टेज निसटले असते.

फेज फॉल्टच्या संरक्षणात जनरेटर वेगळाच घोळ घालतो. ग्रिडवर शॉर्ट सर्किट झाले की शेकडो-हजारो अँपियर येतात आणि फ्यूज क्षणात जातो. जनरेटरवर पहिल्या काही सायकलपुरता करंट पाच-सहा पट असतो, मग तो घसरतो. एव्हीआरची पॉवर जनरेटरच्या टर्मिनलवरूनच घेतलेली असेल तर व्होल्टेज पडल्यावर एक्सायटेशनच जाते आणि फॉल्ट करंट फुल-लोडच्याही खाली येऊ शकतो. परमनंट मॅग्नेट एक्सायटर असेल तर साधारण तिप्पट करंट काही सेकंद टिकतो, म्हणजे ११ केव्हीला ७९ अँपियर. तिथे ४०-५० अँपियरचा डीओ (ड्रॉप-आउट) फ्यूज लावला असेल तर तो मिनिटे घेईल, किंवा उडणारच नाही. म्हणून एचटीला ब्रेकर आणि व्होल्टेज-कंट्रोल्ड ओव्हरकरंट रिले हवा. व्होल्टेज ७०-८० टक्क्यांखाली गेले की त्याचा पिकअप आपोआप फुल-लोडच्या निम्म्यावर येतो. त्यासाठी पीटी लागेलच, तो वरच्या पीटीशी एकत्र करता येतो.

डीओ फ्यूज नको म्हणण्याचे दुसरे कारण पंपघराच्या टोकाला आहे. तिथे लांब केबल, पुढे विनालोड ट्रान्सफॉर्मरची डेल्टा, आणि एकच फेज उघडला, ही फेरोरेझोनन्सची अगदी ठरलेली मांडणी. उघड्या फेजवर दुप्पट-तिप्पट व्होल्टेज चढते, ट्रान्सफॉर्मर खडखडतो आणि अरेस्टर जातात. काठीने एकेक फ्यूज उघडतानाही हेच होते. दोन्ही टोकांना तिन्ही पोल एकदम उघडणारा स्विच किंवा ब्रेकर घ्या.

पंपघराचा ट्रान्सफॉर्मर सरळ जोडणीत आहे, त्यामुळे तिथला न्यूट्रल नेहमीप्रमाणे स्वतंत्र इलेक्ट्रोडने अर्थ करायचा. जनरेटरकडून न्यूट्रल आणायची गरज नाही. डीवायएन-११ एकदा उलटा आणि एकदा सरळ आल्याने ३० अंशांचा फरकही वजा होतो, फेज सिक्वेन्स मात्र मोटर जोडण्याआधी तपासा. मोटर सुरू करताना लक्षात ठेवा की जनरेटरच्या सुमारे २० टक्के ट्रान्झियंट रिॲक्टन्समध्ये दोन ट्रान्सफॉर्मरचे ९ टक्के मिळाले आहेत. ७५ किलोवॅटची मोटर डायरेक्ट ऑनलाइन सुरू केली तर जनरेटरपाशी १८ टक्क्यांचा डिप झाला असता, तो पंपघरात २४ टक्के होतो. त्यात काँटॅक्टर सुटण्याचा धोका असतो. सॉफ्ट स्टार्टर किंवा स्टार-डेल्टा, आणि दोन पंप एकदम नाहीत.

ट्रान्सफॉर्मर पडून असलेले आहेत, म्हणून आधी तपासणी. तेलाचा बीडीव्ही (तेल ज्याला फुटते ते व्होल्टेज) २.५ मिलिमीटर गॅपला ३० केव्हीच्या खाली असेल तर फिल्टर करा. एचटी-अर्थ आणि एचटी-एलटी मेगर (इन्सुलेशन रेझिस्टन्स) घ्या. टॅप स्विच बंद सप्लायवर या टोकापासून त्या टोकापर्यंत अनेकदा फिरवा, म्हणजे काँटॅक्टवरचा थर जातो, आणि मग प्रत्येक टॅपवर वाइंडिंग रेझिस्टन्स मोजा. रेशो तपासताना ४१५ व्होल्ट फक्त एचटीला द्या. एलटीला नॉर्मल टॅपवर १६.३ व्होल्ट, अधिक ५ वर १५.६ मिळतील. ‘जरा चालतोय का बघू’ म्हणून एलटीला सप्लाय देणे हा जीव घेणारा प्रकार आहे, कारण वर उघड्या बुशिंगवर साडेदहा हजार व्होल्ट उभे राहतात. एलटीला २४ व्होल्ट एसी दिले तरी एचटीला ६१० येतात. पीटीचेही तेच: ११०००/११० च्या पीटीला रिले टेस्टिंगसाठी सेकंडरीतून ११० दिले आणि सेकंडरी फ्यूज काढलेले नसतील, तर तुम्ही बसबार ११ केव्हीला चार्ज केलेला असतो.

यातलाच एक धोका तुमच्या जागेच्या बाहेरचा आहे. जनरेटरच्या पॅनेलला वीज कंपनीचा सप्लायही येत असेल तर दोन्हींमध्ये चार पोलचा, यांत्रिक इंटरलॉकचा चेंजओव्हर पाहिजे. तो नसेल तर सप्लाय गेल्यावर जनरेटरचे ४१५ कंपनीच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये जातात, तो उलटा चालतो, आणि ‘बंद’ लाइनवर काम करणाऱ्या लायनमनच्या हातात ११ केव्ही येतात.

उभारणीचा नकाशा तुमच्या भागातल्या विद्युत निरीक्षकांकडून मंजूर करून घ्या आणि ११ केव्हीचा परवाना असलेल्याकडूनच काम करा. पहिल्या चार्जिंगला क्रम असा ठेवा. पंपघराचा एलटी ब्रेकर उघडा, केबलच्या दोन्ही टोकांचे अर्थ काढलेले, दोन्ही ठिकाणी माणूस आणि बोलायचे साधन. जनरेटरकडचे एलटी ब्रेकर व एचटी ब्रेकर क्लोज करून (जोडून) इंजिन सुरू करा, शक्य असेल तर एक्सायटेशन हाताने चढवा आणि १०० व्होल्टला थांबा. एचटी पीटीवर तिन्ही फेज सारखे आहेत का, ओपन डेल्टाला जवळपास शून्य आहे का, हे पाहा. एलटीचा मोकळा न्यूट्रल अर्थच्या मानाने काही व्होल्टच दाखवायला हवा. जास्त दाखवत असेल तर तिथेच थांबून कारण शोधा. सगळे जमले तर पूर्ण व्होल्टेजवर न्या आणि विनालोड चार तास ठेवा. या वेळात दर अर्ध्या तासाला तेलाचे तापमान आणि नो-लोड करंट लिहा. त्यानंतर पंपघरात फेज सिक्वेन्स, न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज, आणि मग एक पंप. अर्थ फॉल्ट रिले लोड देण्याआधी प्रायमरी इंजेक्शनने, म्हणजे कोअर बॅलन्स सीटीमधून खरोखर ५ अँपियर सोडून, ब्रेकर उघडतो ना हे पाहिलेले असावे. टेस्ट बटण दाबल्याने सीटीची दिशा आणि वायरिंग तपासली जात नाही. केबलच्या स्क्रीनची अर्थ वायर सीटीमधून परत वळवून आणली नसेल तर हा रिले खऱ्या फॉल्टला आंधळा राहतो.